‘छत्तीसगढ मित्र’ (१९००–१९०२) : स्वतंत्र मासिकाचा एक प्रयोग

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या आरंभी छत्तीसगढ हा मध्य प्रांतातील एक विभाग होता. आजचा भिलाई-रिसालीचा परिसर तेव्हा रायपूर जिल्ह्यात मोडत असे. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून या भागात मराठी कुटुंबे स्थायिक झाली होती. जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून सुरू झालेले ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक या प्रदेशातील पत्रकारितेचा आरंभ मानले जाते. माधवराव सप्रे व रामराव चिंचोलकर हे त्याचे संपादक आणि वामन बळीराम लाखे हे प्रकाशक होते. तिघेही मराठीभाषक होते.

स्वरूप

नफा हा या मासिकाचा हेतू नव्हता. शिक्षण, वाङ्मय व लोकजागृती यांवर त्याचा भर होता. सप्रे यांनी केलेल्या सविस्तर पुस्तक-परीक्षणांमुळे हिंदी समीक्षेच्या इतिहासात त्याला स्थान मिळाले. १९०१ मध्ये त्यात सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा आली. जमीनदार वकिलांना हाताशी धरून एका विधवेची झोपडी बळकावतो; मात्र तिथली टोपलीभर माती त्याला उचलत नाही आणि त्याचे डोळे उघडतात, असे तिचे कथानक आहे. पेंड्रा हीच एक जमीनदारी होती आणि तेथील राजकुमाराला शिकवण्यासाठी सप्रे आले होते. हे ध्यानात घेतल्यास या कथेतील निर्भीडपणा उमगतो.

बंद पडण्याची कारणे

संपादन पेंड्रा येथे होई. छपाई मात्र आधी रायपूरला, पुढे नागपूरला होत असे. साक्षरता कमी, त्यामुळे वर्गणीदार थोडे. तोटा चालकांनाच सोसावा लागे. अखेर डिसेंबर १९०२ मध्ये मासिक बंद झाले.

मूल्यमापन

सप्रे यांनी १९०७ मध्ये नागपूरहून ‘हिंदी केसरी’ काढला. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. म्हणजे अशा पत्रकारितेपुढे दोन संकटे होती : तोटा आणि सरकारी दडपण. ‘छत्तीसगढ मित्र’ पहिल्यामुळे बंद पडले.

येथे साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केलेल्या ‘साधना’ साप्ताहिकाशी तुलना उपयुक्त ठरते. संस्थापक १९५० मध्ये निवर्तले, तरी साप्ताहिक टिकले. पुढे ते विश्वस्त संस्थेच्या आधारावर चालत राहिले. ध्येयनिष्ठा दोन्हीकडे होती. फरक होता तो व्यक्तीनंतरही उभ्या राहणाऱ्या संस्थेचा. स्वतंत्र नियतकालिकांचा इतिहास अभ्यासताना संपादकाच्या लेखणीइतकेच त्याच्या जमाखर्चाकडेही पाहावे लागते.