तीन आठवड्यांनी पेटलेली मोटार

मे २०११. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात शासकीय सुरक्षा चाचणीसाठी ‘शेव्हरोले व्होल्ट’ ही मोटार बाजूने खांबावर आदळवण्यात आली. निकाल उत्तम लागला, गाडी आवारात उभी करून ठेवली गेली. सुमारे तीन आठवड्यांनी ती आपोआप पेटली. शेजारच्या गाड्याही होरपळल्या.

दोष विद्युतरोधनाचा होता. व्होल्टची १६ किलोवॉट-तासांची बॅटरी थंड राखण्यासाठी तिच्यात ग्लायकॉलमिश्रित पाणी खेळवलेले असे. धडकेत बॅटरीचे कवच भेदले गेले आणि हे शीतक आत झिरपले. जिथे वीज वाहू नये, तिथे तिला वाट मिळाली. हे घडले अत्यंत संथपणे. म्हणूनच कोणाच्या लक्षात आले नाही.

मुळात चूक सवयीची म्हणावी लागेल. अपघातग्रस्त गाडीतले पेट्रोल काढून घेण्याचा शिरस्ता जुना. बॅटरीतली ऊर्जा मात्र तशीच राहू दिली गेली.

नोव्हेंबरमध्ये सुट्या बॅटऱ्यांवर तसाच आघात पुन्हा करण्यात आला. त्यांतली एक आठवडाभराने पेटली. जानेवारी २०१२ मध्ये जनरल मोटर्सने बॅटरीभोवतीचा सांगाडा मजबूत करण्याचे व शीतकाच्या पातळीवर लक्ष ठेवणारा संवेदक बसवण्याचे जाहीर केले. रस्त्यावरच्या अपघातानंतर व्होल्ट अशी पेटल्याची नोंद तोवर एकही नव्हती.