ह्यूमचा चेंडू मागे का आला नाही? – बिलियर्ड्सच्या इतिहासातून

मंडळी, तत्त्वज्ञानाच्या वर्गात बिलियर्ड्सचा चेंडू हमखास येतो. डेव्हिड ह्यूमने १७४८ च्या ग्रंथात विचारलं, एक चेंडू दुसऱ्यावर आदळतो, दुसरा चालू लागतो, यात आपल्याला दिसतं काय? आधी हे घडलं, मग ते. 'कारण' असं वेगळं काही दिसत नाही. उदाहरण सगळे पाठ करतात, टेबलाकडे मात्र कोणी बघत नाही. आज तिकडेच बघू.

हिरवळीवरचा खेळ घरात आला, म्हणून कापड हिरवं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पंधराव्या शतकात फ्रान्सच्या अकराव्या लुईकडे असं टेबल होतं. तेव्हा चेंडूला टोला मारत नसत. रुंद डोक्याच्या काठीने तो ढकलत. चेंडू कडेला टेकला की ते डोकं आडवं यायचं, मग खेळाडू काठी उलटी धरून शेपटाकडून मारायचे. शेपटीला फ्रेंचमध्ये 'क्यू'. तोच आजचा क्यू!

ह्यूमच्या काळचं टेबल लाकडी, हवेने वाकणारं. काठीच्या टोकाला चामडं नाही, त्यामुळे चेंडूला हवी तशी फिरकी देणं अवघड. आता गंमत बघा. ह्यूमने त्याच ग्रंथात म्हटलंय की पहिला चेंडू आदळून सरळ मागे आला, अशी कल्पना करण्यात काहीही विसंगती नाही. पुढच्या शतकाच्या सुरुवातीला मँगो नावाच्या फ्रेंच माणसाने क्यूच्या टोकाला चामडं लावलं, आणि चेंडू खरोखरच मागे येऊ लागला! (ह्यूम यावर हसला असता. त्याचा प्रश्न यामुळे सुटत नाही, हे उघड आहे.) पाठोपाठ १८२०-३० च्या दशकांत लंडनच्या जॉन थर्स्टनने पाटीच्या दगडाचा तळ आणि रबराच्या कडा रूढ केल्या.

आता प्रकार. फ्रान्समध्ये पॉकेट नसलेलं टेबल रुजलं. आपला चेंडू उरलेल्या दोघांना लागला की गुण. आपल्या कॅरमशी गल्लत नको. इंग्लिश बिलियर्ड्समध्येही चेंडू तीनच, पण सहा पॉकेट. टक्करही चालते, पॉकेटही. अमेरिकेत पूल वाढला. 'पूल' म्हणजे सगळ्यांनी मिळून लावलेली पैज.

चेंडू मात्र हस्तिदंताचे. सुळ्याच्या मधल्या भागातून कोरायचे, म्हणजे एका सुळ्यातून जेमतेम चार-पाच. तीन चेंडूंच्या खेळात एक वेळ ठीक, पण पूलला त्याहून कितीतरी जास्त लागतात. हत्तींना आपल्या करमणुकीचं कारण बरोबर कळलं असणार! हस्तिदंत महागला तेव्हा १८६०च्या दशकात न्यूयॉर्कच्या एका टेबलवाल्याने पर्याय शोधणाऱ्याला दहा हजार डॉलर जाहीर केले. त्या नादात जॉन हायटने सेल्युलॉइड घडवलं. पुढे त्याच पदार्थाच्या पट्ट्यांवर आपले सिनेमे निघाले.

आणि बावीस चेंडूंचं स्नूकर? ते जबलपूरचं. १८७५, इंग्रज अधिकाऱ्यांचा मेस, नेव्हिल चेंबरलेन नावाचा तरुण लष्करी अधिकारी (पुढचे पंतप्रधान नव्हेत!). त्याने पूलमध्ये रंगीत चेंडू मिसळले. नवख्या कॅडेटला 'स्नूकर' म्हणत. चुकलेल्या गड्याला त्याने तेच चिडवलं, आणि नाव चिकटलं. पुढे उटीच्या क्लबात नियम लागले. त्या क्लबांत हिंदी माणूस बहुधा ट्रे घेऊनच आत जायचा. १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचं जागतिक हौशी विजेतेपद पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी मिळवलं. कुठल्याही खेळातले स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक जगज्जेते.