फिट्सची गोळी आणि अंगावर फोड : धोका जनुकातही असतो, गोळी सुरू करण्याआधी हे जाणून घ्या

बडोदा : फिट्स (आकडी) किंवा चेहऱ्याच्या नसेची कळ थांबवण्यासाठी कार्बामाझेपिन हे औषध सर्रास दिले जाते. टेग्रिटाल, मॅझेटॉल ही त्याचीच बाजारातली नावे. बहुतेकांना ते सोसते. मोजक्या रुग्णांना मात्र पहिल्या दोन महिन्यांत जिवावर बेतणारा त्रास होतो.

काय होते?
आधी ताप, घसादुखी, डोळ्यांची आग. मग लाल-काळपट चट्टे, तोंडात फोड आणि भाजल्यासारखी सुटणारी कातडी. हा स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम. ३० टक्क्यांहून जास्त कातडी सुटली तर त्याला ‘टेन’ म्हणतात. त्यात साधारण तीनातला एक रुग्ण दगावतो.

जनुकाचा संबंध काय?
तैवानमध्ये २००४ साली असा त्रास झालेले ४४ रुग्ण तपासले. सगळ्यांत ‘एचएलए-बी*१५:०२’ हा जनुकप्रकार निघाला. डिसेंबर २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आशियाई वंशाच्या रुग्णांची आधी ही तपासणी करायला सांगितले. गुजरातमधील संशोधकांच्या २००९ च्या अभ्यासात ८ पैकी ६ रुग्णांत हाच प्रकार सापडला. अभ्यास लहान, पण धोका आपल्या भागातही आहे हे त्यातून कळले. मात्र दोघांत तो नव्हता. म्हणजे तपासणी निगेटिव्ह आली तरी बेफिकीर राहून चालणार नाही. उलट, जनुक असलेल्या प्रत्येकाला त्रास होतोच असेही नाही. गाउटवरच्या ॲलोप्युरिनॉलसाठी ‘एचएलए-बी*५८:०१’ हा वेगळा प्रकार धोक्याचा आहे.

घरच्यांनी काय करावे?
• हा जनुक आई-वडिलांकडून येतो. सख्ख्या नात्यात कुणाला असा त्रास झाला असेल, तर गोळी सुरू होण्याआधीच डॉक्टरांना सांगा आणि रक्ततपासणीबद्दल विचारा.
• गोळी सुरू असताना ताप, चट्टे, तोंडात फोड दिसले तर पुढचा डोस घेण्याआधी त्याच दिवशी रुग्णालय गाठा.
• काहीच त्रास नसेल तर गोळी मनाने बंद करू नका. फिट्स पुन्हा येऊ शकतात.
• एकदा त्रास झाला की ते औषध कायमचे वर्ज्य. फेनिटॉइन, ऑक्सकार्बाझेपिन, लॅमोट्रिजिनबाबतही डॉक्टरांना आधी विचारा.

चिठ्ठी जवळ ठेवा
नंदुरबार, नवापूरकडून सुरत-बडोद्याला उपचारांसाठी जाणाऱ्यांचे कागद अनेकदा एका राज्यात आणि पुढचे डॉक्टर दुसऱ्या राज्यात, असे होते. त्यामुळे औषधाचे मूळ नाव, तारीख आणि त्रास लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी पाकिटात ठेवा, मोबाइलमध्ये फोटो काढा. दुष्परिणामाची नोंद १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री क्रमांकावर रुग्णालाही करता येते.