फडताळ आणि तिजोरी



एकलहऱ्याचे नाव घेतले की आपल्यापुढे प्रथम उभे राहते ते वीजकेंद्र. १९७०–७१ मध्ये येथील पहिले दोन संच सुरू झाले, आणि गोदाकाठचे हे गाव महाराष्ट्राच्या नकाशावर ठळक झाले. अशा कामगारवस्तीतील दोनतीन खोल्यांच्या घरात एखादे फडताळ हमखास असते. जुन्या बादल्या, फुटक्या छत्र्या, मागच्या वर्षीच्या वह्या यांनी ते भरलेले असते. आता समजा, एखाद्या हौशी तरुणाने हे फडताळ रिकामे केले आणि आपल्याला विचारले, "यात घरच्या घरी बिअर तयार करून दोन मित्रांना पाजता येईल काय?" तर आपण काय उत्तर देऊ?

या साध्या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत. एक रसायनशास्त्राचे, दुसरे कायद्याचे. पहिले उत्तर 'हो' असे आहे आणि दुसरे 'नाही' असे. या 'हो' आणि 'नाही' यांच्यामध्ये फार मोठा इतिहास पडला आहे, आणि तोच आज आम्हांला आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रथम रसायनशास्त्राचे उत्तर पाहू. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून जी गृहिणी सत्त्व करते, तिला बिअरची अर्धी विद्या अवगतच आहे. मोड आले की दाण्यातील पिष्टाचे साखरेत रूपांतर करणारे पाचक द्रव्य तयार होते. बिअरसाठी नाचणीऐवजी जव घेतात, एवढाच काय तो फरक. वीस लिटर बिअरला मोड आणून वाळवलेले चारपाच किलो जव पुरतात. त्यांचा भरडा सुमारे ६५ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर ठेवावयाचा, गोड पाणी गाळून घ्यावयाचे, हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुले घालून ते पुन्हा तासभर उकळावयाचे, निववावयाचे आणि त्यात यीस्ट सोडावयाचे. हॉप्स आपल्या नाशकात होत नाहीत. भारतात त्यांची लागवड झाली ती हिमाचलातील लाहौलच्या थंड खोऱ्यात.

फडताळाचे काम यानंतरचे. आंबवणाला अंधार आणि सारखे हवामान लागते. यीस्टला १८ ते २२ अंश मानवतात, आणि आमचा वैशाख तर चाळिशीला टेकलेला! म्हणून हौशी लोक आतल्या भिंतीचे फडताळ निवडतात, बरणी पाण्याच्या घमेल्यात ठेवतात आणि भोवती ओले गोणपाट गुंडाळतात. म्हणजे आपल्या रांजणाचीच युक्ती. फडताळाला जाळीचे दार हवे, कारण वीस लिटर बिअर आंबताना साधारण चारशे लिटर कर्बवायू बाहेर पडतो. पंधरा दिवसांनी ती चिमूटभर साखर घालून बाटल्यांत भरतात. साखर जास्त झाली तर बाटली फुटते. वरच्या फळीवर चार पेले, खालच्या फळीवर बाटल्या, की झाले. एक मोठे पातेले, दोन बरण्या, रबरी नळी आणि उष्णतामापक एवढ्या सामानात हे सारे होते. येथे भट्टी नाही, ऊर्ध्वपातन नाही. तयार होणाऱ्या पेयात मद्यार्क शेकडा चारपाच.

आता कायद्याचे उत्तर. १९४९ च्या दारूबंदी कायद्याचे बारावे कलम परवान्यावाचून मद्य तयार करण्यास मनाई करते. वीस लिटर की वीस हजार लिटर, विकण्यासाठी की घरी पिण्यासाठी, असा भेद ते करीत नाही. तेव्हा आमच्या तरुणाचे फडताळ हा गुन्हाच होय.

हे असे नेहमीच होते काय? नव्हते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. मद्यावर राज्याची करडी नजर असावी, असे सांगण्यात कौटिल्य कोणाला हार जाणारा नाही. गावाबाहेर मद्य नेऊ नये, गुत्त्यात कोण किती उधळतो हे हेरांनी टिपावे, इथपर्यंत त्याची दक्षता आहे. पानागार कसे असावे हेही तो सांगतो: अनेक दालने, वेगळाल्या शय्या व आसने, गंध, माला, पाणी, आणि सर्व ऋतूंत सुखकर अशी रचना. मेदक नावाच्या तांदळाच्या मद्याचे त्याने दिलेले प्रमाण पाहा. सोळा प्रस्थ पाण्याला दोन प्रस्थ तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व, म्हणजे आंबवणाचे विरजण. ही एक प्रकारची भाताची बिअरच होय. आणि हाच कठोर कौटिल्य पुढे म्हणतो की, कुटुंबवत्सल गृहस्थांना कार्यप्रसंगी पांढरी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मोकळीक असावी. उत्सव, यात्रा अशा प्रसंगी चार दिवसांची सूट असावी. सरकारी नसलेल्या मद्यावर शेकडा पाच शुल्क घ्यावे. म्हणजे तिजोरी सांभाळूनही त्याने फडताळाला जागा ठेवली होती.

ही जागा गेली ती इंग्रजी अमलात. आरंभी सरकार दारूचा मक्ता लिलावाने देई. गुत्तेदार गावोगाव लहान भट्ट्या चालवी किंवा चालवू देई. या पद्धतीत कोणी किती गाळली याचा हिशेब लागत नसे. १८७८ साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आला. चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याने अबकारी खात्याची घडी नव्याने बसवली. लहान भट्ट्या मोडून मोठ्या मध्यवर्ती भट्ट्या आल्या, आणि दारूच्या तीव्रतेप्रमाणे गॅलनमागे कर बसला. ताडीच्या झाडांवरचा कर वाढला. ठाणे जिल्ह्यात आणि वसईच्या पट्ट्यात ज्या भंडाऱ्यांचा ताडी हा पिढीजात धंदा, त्यांनी याविरुद्ध गाऱ्हाणी केली. पुढे १८९२ साली मोहाचा कायदा झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले गोळा करण्यावर व बाळगण्यावर बंधने आली. आदिवासींच्या घरी मोहाचे फूल हे चैत्रातील अन्नही असते. पण अबकारी खात्याच्या डोळ्यांना त्या टोपलीत फक्त दारू दिसली.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. या कायद्यांनी पिणे बंद केले नाही. घरी करणे बंद केले आणि विकत पिणे सोयीचे केले. ताडी आणि आंबवलेली पेये सौम्य. ती दूर नेता येत नाहीत, टिकत नाहीत, म्हणून त्यांचा हिशेबही ठेवता येत नाही. गाळलेली दारू तीव्र. ती पिंपात भरता येते, मोजता येते आणि तिच्यावर कर घेता येतो. तिजोरीला जे मोजता येते तेच आवडते. ज्या गरिबाला घरचे सौम्य पेय महाग झाले, तो पिठ्यावरच्या तीव्र दारूकडे वळला.

याचा अर्थ मद्याविरुद्ध बोलणारे सारे चुकले असा मात्र कोणी घेऊ नये. जोतीराव फुले पुण्याच्या नगरपालिकेत सभासद होते. १८८० साली त्यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांना विरोध केला. तो विरोध पिठ्याला होता. ज्या दुकानाने सरकारची तिजोरी भरते आणि गरिबाचा संसार बुडतो, त्या दुकानाला होता. पुढे १९२२ साली पालघरच्या किनाऱ्याकडून 'देवी' निघाली आणि डांगावरून सुरत जिल्ह्यात पोचली. अंगात आलेल्या देवीने आदिवासींना दारू-ताडी सोडा असे सांगितले, आणि हजारोंनी ती सोडली. ते व्रत म्हणजे दारूच्या धनिक मक्तेदारांवरचा बहिष्कारही होता. सरकारी तिजोरीला त्याचा धक्का बसला. ज्यांचा घडा हिरावला गेला होता, त्यांनी पिठ्याचा पेलाही खाली ठेवला.

राष्ट्रीय चळवळीने हा धागा उचलला. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी जारी केली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा कायदा झाला आणि एप्रिल १९५० पासून साऱ्या राज्यात दारूबंदी आली. मोरारजी देसाई यांचा त्यामागचा आग्रह सर्वश्रुत आहे. हेतूच्या शुद्धतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण परिणाम काय झाला? पिठे बंद होताच फडताळे उघडली! मुंबईत धोबी तलाव, वांद्रे अशा भागांत 'आंटीचे अड्डे' प्रसिद्धीस आले. घरातलीच एक खोली, दोन टेबले, मोडक्या खुर्च्या, उकडलेली अंडी, चणे आणि पेल्यात हातभट्टीची. ही हातभट्टी खाडीकाठच्या झुडपांत काळा गूळ आणि नवसागर घालून रात्री पेटे. माल मोटारीच्या टायरच्या रबरी नळ्यांत भरून शहरात येई. कौटिल्याच्या पानागारात गंध आणि माला होत्या. येथे खिडकीला पडदा आणि दाराशी पहारा होता.

वसंतराव नाईक १९६३ अखेर मुख्यमंत्री झाले, आणि त्यांच्या कारकिर्दीत दारूबंदी सैल झाली. परवाने मिळू लागले, दुकाने उघडली, महसूल पुन्हा वाढू लागला. पण कायदा रद्द झाला नाही. पिणाऱ्याने परवाना बाळगावा हा नियम आजही कागदावर आहे. दुकान परत आले, फडताळ मात्र परत आले नाही.

इंग्लंडकडे पाहिले तर आणखी एक गंमत दिसते. आपल्या अबकारी कायद्यानंतर दोनच वर्षांनी, १८८० साली, ग्लॅडस्टनने तेथील घरगुती बिअरवाल्यांवरही परवान्याचे बंधन घातले. पण १९६३ साली तेथील सरकारने, घरच्यापुरती बिअर करणाऱ्याला परवान्याची गरज नाही, असे ठरवले. अमेरिकेत अध्यक्ष कार्टर यांनी १९७८ साली अशाच कायद्यावर सही केली. तेथे एका प्रौढाला वर्षाला शंभर गॅलन, दोन प्रौढांच्या घराला दोनशे गॅलन अशी मर्यादा आहे. विक्रीला बंदी आहे. या मोकळिकीतून पुढे कितीतरी लहान कारखाने उभे राहिले. तेव्हा एकलहऱ्यात वाढलेला मुलगा उद्या अमेरिकेत गेला, तर आपल्या फडताळात तो निर्वेधपणे बिअर करू शकेल. त्याच्या वडिलांनी येथे तेच केले तर पोलीस येतील.

आमच्याकडेही लहान प्रमाणावर मद्य करण्याची कल्पना अगदीच निषिद्ध राहिलेली नाही. २००० साली नाशिकजवळच्या सुला द्राक्षमळ्याची पहिली वाइन बाजारात आली. २००१ साली राज्याने द्राक्षप्रक्रिया उद्योगाला सवलती देण्याचे धोरण आखले, आणि द्राक्षाचा नाशिक जिल्हा वाइनचाही जिल्हा झाला. २००९ साली पुण्यात ताजी बिअर जागेवरच करून देणारी छोटी भट्टी सुरू झाली. २०२१ साली मोहफुलांच्या संकलनावरील व वाहतुकीवरील निर्बंध राज्याने उठवले. एकशे एकोणतीस वर्षांनी टोपलीतले फूल पुन्हा फूल झाले! मात्र या साऱ्या सवलतीत एक सूत्र कायम आहे. ज्याच्याकडे भांडवल आहे त्याला परवाना मिळतो. ज्याच्याकडे केवळ फडताळ आहे त्याला मिळत नाही.

आता प्रतिपक्षाचे म्हणणेही ऐकले पाहिजे. २००४ साली विक्रोळीत आणि २०१५ साली मालवणीत विषारी दारूने माणसे गेली. मालवणीत तर शंभरांहून अधिक. घरगुती भट्ट्यांना मोकळीक दिली तर असे बळी वाढतील, अशी भीती वाटणे स्वाभाविक आहे. पण विष आले कोठून हे तपासले पाहिजे. धान्य किंवा फुले आंबवून एवढे विष तयार होत नाही. कारखान्यातील मिथेनॉल चोरून दारूत मिसळले गेले, म्हणून माणसे मेली. ज्या पेल्यात काय आहे हे पिणाऱ्याला ठाऊक नसते, तो पेला घातकी. आणि चोरट्या बाजारात ते कोणालाच ठाऊक नसते.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे, आणि तो स्त्रियांचा आहे. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली ती लोकांच्या, विशेषतः बायाबापड्यांच्या रेट्यामुळे. आडवी बाटली आणि उभी बाटली यांच्या मतदानाने कितीतरी गावांतील दुकाने बायकांनी बंद पाडली. त्या विचारतील, "दुकान निदान वेशीवर होते. तुम्ही ते आमच्या घरातल्या फडताळात आणता काय? दोन खोल्यांच्या घरात बरणीला जागा मिळाली, तर पोरांची वह्यापुस्तके कोठे ठेवायची?" या प्रश्नाला इतिहासाजवळ तयार उत्तर नाही, आणि आम्हीही ते असल्याचा आव आणीत नाही. एवढेच सांगतो की, फडताळाची मोकळीक द्यावयाची तर ते उघडावे की नाही हा निर्णय घरातील एकट्या पुरुषाचा असता कामा नये.

तरीही आमचे म्हणणे उरतेच. दीडशे वर्षांत मद्याविषयीचे आमचे कायदे कधी तिजोरीसाठी झाले, कधी नीतीसाठी. दोन्ही वेळा बंद झाले ते सौम्य, घरगुती आणि बिनहिशेबी. टिकले ते तीव्र, विकाऊ आणि मोजता येणारे. नीतीचा कायदा करावयाचा तर त्याने तीव्र आणि सौम्य, विक्री आणि घरगुती वापर यांत भेद केला पाहिजे. कौटिल्याने तो केला होता. महसुलाचाच कायदा करावयाचा असेल, तर त्याला नीतीचे नाव देऊ नये.

एकलहऱ्याच्या त्या तरुणाला तूर्त आमचा सल्ला एवढाच: फडताळात वह्याच राहू दे. पण त्यांतल्या एका वहीत हा इतिहास उतरवून ठेव. कायदा बदलण्याची वेळ येईल तेव्हा त्याचा उपयोग होईल.