हरवलेल्या अंकाचा माग

संशोधनविषयक नियतकालिकांची वर्गणी ग्रंथालयांना सहसा वर्ष सुरू होण्यापूर्वीच भरावी लागते. अंक मात्र वर्षभर टपालाने येत राहतात आणि त्यांतील एखादा वाटेत गहाळ होतो. तो परत मिळेल की नाही, हे बव्हंशी एकाच गोष्टीवर ठरते. तो आलेला नाही, हे ग्रंथालयाच्या किती लवकर ध्यानात येते?

याकरिता प्रत्येक नियतकालिकाची स्वतंत्र नोंद ठेवली जाते. पूर्वी ही नोंद ‘कार्डेक्स’च्या कार्डांवर होत असे. अंक आला, की त्याच्या चौकटीत खूण करायची. रिकामी चौकट म्हणजे न आलेला अंक. आता ‘कोहा’सारख्या संगणक प्रणालीत अपेक्षित तारीख उलटलेल्या अंकांची यादी मिळते.

तरीही लगेच तक्रार केली जात नाही. प्रकाशन लांबले आहे का, दोन अंकांचा जोडअंक निघाला आहे का, अंक ग्रंथालयातच अन्यत्र ठेवला गेला आहे का, हे आधी तपासले जाते. पुढचा अंक येऊनही मधला आला नाही, तर शंका बळावते. मग खंड, अंक, वर्ष आणि वर्गणीदार क्रमांक नमूद करून पुरवठादाराला किंवा प्रकाशकाला स्मरणपत्र धाडले जाते. प्रकाशक ठरावीक मुदतीत आलेल्या तक्रारीवरच विनामूल्य प्रत देतात. मुदत टळल्यावर अंक विकत घ्यावा लागतो, तोही प्रती शिल्लक असतील तर.

पुरवठादारच बुडाला, तर प्रश्न एका अंकापुरता राहत नाही. नेदरलँड्समधील ‘स्वेट्स’ ही मोठी पुरवठादार कंपनी सप्टेंबर २०१४ मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा अनेक ग्रंथालयांची आगाऊ रक्कम अडकली.

अंक मिळालाच नाही, तर वर्षाच्या खंडाची बांधणी रखडते. दुसऱ्या ग्रंथालयाकडील जादा प्रत मागवणे किंवा हव्या असलेल्या लेखाची छायाप्रत मिळवणे, हे मार्ग उरतात. तेही खुंटले, तर खंड अपूर्णच बांधून उणीव तालिकेत नोंदवली जाते. या नोंदीमुळे परगावाहून येणाऱ्या अभ्यासकाची खेप वाचते.

ऑनलाइन आवृत्तीला टपालाची भीती नसते; पण वर्गणी थांबल्यावर जुने अंक वाचता येतील की नाही, हे करारावर अवलंबून असते. कपाटातला बांधीव खंड मात्र ग्रंथालयाचाच राहतो. म्हणूनच त्यातील एका अंकासाठी ग्रंथपाल पुन्हा पुन्हा स्मरणपत्रे लिहितात.