चेल्सीचे पुष्पप्रदर्शन

लंडनच्या चेल्सी भागात वृद्ध सैनिकांसाठी एक आश्रयस्थान आहे. राजा दुसरा चार्ल्स याने ते इ. स. १६८२ साली स्थापन केले. त्याच्या पटांगणात दरवर्षी मे महिन्यात वसंतातील पुष्पप्रदर्शन भरते. शेवटच्या दिवशी दुपारी घंटा वाजली की मांडलेली रोपे विकावयास काढावयाची, असा तेथील जुना रिवाज. मग चार दिवस अदबीने दुरून पाहणारी मंडळी एकदम पुढे सरसावतात, आणि थोड्याच वेळात माणसाहून उंच फुलांचे तुरे खांद्यावर घेतलेले गृहस्थ रेल्वे स्थानकाच्या वाटेने चालताना दिसू लागतात. या प्रदर्शनाचा इतिहास पाहू लागले की मला आधी ती घंटाच आठवते. फुले पाहणे आणि रोपे विकत घेणे यांची सांगड तेथे प्रथमपासूनची आहे.

हे प्रदर्शन भरविणाऱ्या संस्थेचा जन्म ७ मार्च १८०४ रोजी पिकॅडिलीतील एका पुस्तकाच्या दुकानात झाला. कुंभारकामासाठी विख्यात अशा वेजवुड घराण्यातील जॉन वेजवुड, शास्त्रज्ञ सर जोसेफ बँक्स आणि आणखी पाच जण त्या दिवशी जमले होते. परदेशांतून येणाऱ्या वनस्पतींचे शास्त्रशुद्ध संगोपन व्हावे, ही त्यांची इच्छा. परंतु वनस्पती यावयाच्या कशा? जहाजाच्या उघड्या फळीवर खारा वारा आणि गोड्या पाण्याची टंचाई यांनी बहुतेक रोपे वाटेतच मरत. हे कोडे उलगडले ते नॅथॅनियल वॉर्ड या लंडनच्या डॉक्टराने, आणि तेही योगायोगाने. पतंगाचा कोश त्याने ओलसर मातीसह एका बाटलीत बंद करून ठेवला होता. पतंग राहिला बाजूला, मातीतून नेचा उगवला. बाटलीतील ओल बाहेर जात नाही, काचेवर जमून पुन्हा मातीतच उतरते, हे त्याने ताडले. इ. स. १८३३ मध्ये त्याने काचेच्या दोन बंद पेट्या रोपांसह सिडनीस रवाना केल्या, आणि रोपे जिवंत पोहोचली. पुढे अशाच पेट्यांतून चीनमधील चहाची रोपे हिमालयाच्या पायथ्याशी आली.

आता आपल्याकडची एक हकीकत सांगतो. जोसेफ हूकर हा वनस्पतिशास्त्रज्ञ १८४८ मध्ये हिंदुस्थानात आला. लेपचा माणसांना बरोबर घेऊन तो सिक्कीमचे डोंगर हिंडला. तेथून त्याने पाठविलेल्या ऱ्होडोडेंड्रॉनच्या बियांनी इंग्लंडच्या श्रीमंत बागांचे रूपच पालटले. इ. स. १८५० मध्ये खासी टेकड्यांत त्याला ओकच्या खुरट्या झाडांवर निळी वांडा बहरलेली आढळली. या ऑर्किडची सात माणसांची ओझी त्याने क्यू येथील सरकारी उद्यानासाठी गोळा केली. त्यांतील फारच थोडी इंग्लंडात जिवंत पोहोचली. जागा पाहून घ्यावी म्हणून एका गृहस्थाने आपला माळी हूकरबरोबर दिला होता. त्या गृहस्थाने एकच ओझे विक्रीस धाडले. तेही वाईट अवस्थेत पोहोचले, तरी त्याचे तीनशे पौंड आले! एका हंगामात दोन-तीन हजार पौंड सहज मिळतील, असा हिशेब खुद्द हूकरनेच आपल्या प्रवासग्रंथात मांडला आहे. झाडावर चढून ती वेल काढणाऱ्या खासी माणसाच्या हाती काय पडले, हे मात्र त्या हिशेबात नाही. विद्वानाची लेखणी आणि व्यापाऱ्याची वही यांत तेव्हा फारसे अंतर नव्हते, असे म्हणावेसे वाटते.

या मागणीवर मोठमोठ्या रोपवाटिका उभ्या राहिल्या. त्यांत व्हीच घराणे अग्रगण्य. त्यांचे संग्राहक जगभर हिंडत. त्यांच्यापैकी थॉमस लॉब खासी टेकड्यांतही येऊन गेला. संस्थेचे मोठे वसंत-प्रदर्शन १८६२ साली केन्सिंग्टनला सुरू झाले, १८८८ मध्ये थेम्सकाठच्या टेंपल बागेत गेले. इ. स. १९१२ मध्ये चेल्सीच्या पटांगणात आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. त्यात पुढाकार घेणाऱ्या हॅरी व्हीच यांना त्याच वर्षी ‘सर’ हा किताब मिळाला. ती जागा सोयीची ठरली आणि १९१३ पासून वसंत-प्रदर्शन तेथेच भरू लागले. (जाता जाता सांगण्याजोगे म्हणजे, क्यू येथे काम केलेला जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुंबिगल १८९३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या सेवेत बडोद्यास आला. बंगळूरचे लालबाग त्याच्याकडे त्यानंतर गेले.)

पहिल्या महायुद्धात १९१७ व १९१८ ही दोन वर्षे प्रदर्शन बंद पडले. दुसऱ्यात पटांगण लष्कराने घेतले. काचगृहांना इंधन मिळेना, फुलांच्या जागी भाजीपाला आला. इ. स. १९४७ मध्ये रोपवाटिकांचा साठा इतका रोडावला होता की पुष्कळ जण म्हणू लागले, आणखी एक वर्ष थांबावे. संस्थेचे अध्यक्ष लॉर्ड अबरकॉनवे यांनी ऐकले नाही. शिधापत्रिकेवर जगणाऱ्या लंडनला त्या मे महिन्यात फुले पाहावयास मिळाली. इ. स. १९५१ मध्ये साडेतीन एकरांचा एकच तंबू उभारला गेला. पुढे तो निकालात निघाला तेव्हा त्याच्या कापडाचे बागकामाचे अंगरखे आणि पिशव्या शिवून विकल्या. म्हणजे अखेर तंबूचीही खरेदी झालीच. रोगाच्या साथीमुळे २०२० चे प्रदर्शन भरले नाही, आणि २०२१ चे प्रथमच सप्टेंबरात, म्हणजे वसंताऐवजी शरदात भरले.

निळ्या वांडेच्या व्यापारावर आता आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध आहेत. आपल्या शहरांतील रोपवाटिकांत लाकडी टोपल्यांतून टांगलेल्या निळ्या-जांभळ्या वांडा दिसतात, त्या संकराने वाढविलेल्या असतात. मुळे हवेत मोकळी, माती मुळीच नाही. माळी सकाळी त्यांवर पाण्याचा शिडकावा करतो. त्यांचा निळेपणा बहुधा खासी टेकड्यांतील त्याच वेलीकडून आलेला आहे.