फेब्रुवारीतले तीनशे रुपये

पगारातून दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापले जातात; वर्षाचे 2500. करनियोजनाच्या गप्पांत या व्यवसायकराला कोणी विचारत नाही. दुकानदार तो वर्षातून एकदा भरून मोकळा होतो.

मला मात्र त्या आकड्यात 1972चा दुष्काळ दिसतो. नगर जिल्ह्यातली (आताचा अहिल्यानगर) माणसे तेव्हा खडी फोडायला, पाझर तलावांच्या मातीकामाला लोटली होती. मागेल त्याला काम, ही वि. स. पागे यांची कल्पना दुष्काळ सरल्यावरही चालवायची, तर पैसा हवा होता. म्हणून 1975 साली व्यवसायकराचा कायदा आला. जमा होईल तितकीच भर सरकारनेही घालायची होती. रोजगार हमीचा कायदा 1977चा, लागू झाला 26 जानेवारी 1979 रोजी. शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुराची हमी घ्यायची! असली पॉलिसी कोणत्या विमा कंपनीने विकली असती?

या गुंतवणुकीचा परतावा पाहायचा तर नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारला जावे. पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर, 1990च्या दशकात तिथल्या डोंगरउतारावर रोजगार हमीच्या पैशातून समतल चर खणले गेले. विहिरींना पाणी आले, दूध वाढले, पोटासाठी बाहेर गेलेली कुटुंबे परतली.

वयाची पासष्टी ओलांडली की व्यवसायकर माफ होतो. रोजगार हमीच्या कामाला मात्र वरची वयोमर्यादा नाही. सत्तरीची बाईही घमेले उचलायला येऊ शकते.